फॅमिली मेडिसिन : निवासी प्रशिक्षण (बीड जिल्हा)

एमबीबीएसनंतरचे तीन वर्षांचे पदव्युत्तर प्रशिक्षण. तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत घरातल्या सर्वांचे आजार एकाच डॉक्टरने वर्षानुवर्षे सांभाळावेत, हा त्याचा हेतू. अमेरिकेत या शाखेला १९६९ मध्ये विशेषज्ञतेची मान्यता मिळाली. भारतात ते मुख्यतः राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या डीएनबी पदवीसाठी दिले जाते; एमडीच्या जागा थोड्या आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ ने या अभ्यासक्रमांना चालना देण्याची जबाबदारी आयोगाच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण मंडळावर टाकली.

पूर्वपीठिका : सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत (१९६९) पहिल्या वर्षाचे विद्यार्थी पंधरा दिवस खेड्यात मुक्काम करतात, नेमून दिलेल्या कुटुंबांशी त्यांचा संबंध पुढेही राहतो. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आशियातील पहिले ग्रामीण महाविद्यालय म्हणून ओळखले जाते; हा मान काहीजण सेवाग्रामला देतात. बीडला लागून असलेल्या जामखेडमध्ये रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच बायांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. डॉक्टर त्यांच्यासोबत काम करत शिकला, हे या प्रयोगाचे मोठेपण.

जिल्ह्याची गरज : राज्य सरकारच्या नीलम गोऱ्हे समितीने २०१९ मध्ये बीडमधील ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. शस्त्रक्रिया अनावश्यक किती, यावर मतभेद आहेत. अंगावरून पांढरे जाते म्हणून आलेल्या बाईची आतून तपासणी करणे, जंतुसंसर्गावर औषध देणे, नवऱ्यालाही उपचार देणे आणि ‘पिशवीचा कॅन्सर होईल’ ही भीती घालवणे, हे काम दवाखान्यातल्या साध्या टेबलावर होते. ऊसतोड मजुरांची टोळी कारखान्याकडे कधी निघणार हे विचारून रक्तदाबाच्या गोळ्या किती महिन्यांच्या द्यायच्या, हेही तिथेच ठरवावे लागते. निवासी डॉक्टरने शिकायचे ते हेच.

अभ्यासक्रम : मेडिसिन, शस्त्रक्रिया, प्रसूती, बालरोग आदी विभागांत आळीपाळीने काम, प्रबंध, अंतिम परीक्षा.

जिल्हा निवासी योजना : २०२० च्या अधिसूचनेनुसार एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करावे लागते. तीन महिन्यांत तीच बाई दुसऱ्यांदा तपासायला मिळेल याची खात्री नसते. ऊसतोडीसाठी साखर कारखान्यावर गेलेले कुटुंब तर ऑक्टोबरनंतर थेट उन्हाळ्यातच परत भेटते.

उमापूर : गेवराई तालुक्यातील गाव. जिल्ह्याच्या उत्तर भागात. वैद्यकीय महाविद्यालयाचे अंबाजोगाई दुसऱ्या टोकाला, आग्नेयेस. फॅमिली मेडिसिनच्या निवासी डॉक्टरने अशा गावात ऊसतोडीचा एक संपूर्ण हंगाम, टोळ्या निघण्याआधीपासून त्या परतेपर्यंत, काढावा आणि तीच कुटुंबे पुन्हा तपासावीत, ही अट अभ्यासक्रमात घातली पाहिजे.