चिलखती तट आणि डिझाइन पॅटर्न

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करूया. दुसऱ्याने बांधलेलं काम दुरुस्त करायचं, तर आधी काय कळायला हवं?

वेल्ह्यातल्या राजगडाची संजीवनी माची आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिथे तटाबाहेर दुसरा तट आहे आणि दोहोंमध्ये अरुंद वाट. बाहेरचा तट पडला तरी आतला उभा राहतो. भोरच्या रोहिड्यावर युक्ती वेगळी: एकामागून एक तीन दरवाजे. आता बघा, 'चिलखती तट' म्हणजे काय हे ज्या गवंड्याला ठाऊक आहे, तो मधली वाट बुजवणार नाही. ज्याला ठाऊक नाही, त्याला ती नुसती फट वाटेल.

पुन्हा पुन्हा उपयोगी पडणाऱ्या रचनांना नावं द्यावीत, हा विचार वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी १९७७ च्या पुस्तकात मांडला. त्यात अशा २५३ रचना आहेत. १९८७ साली केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी तो सॉफ्टवेअरमध्ये आणला. १९९४ मध्ये गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस यांचं २३ पॅटर्नचं पुस्तक आलं. त्यातला 'चेन ऑफ रिस्पॉन्सिबिलिटी' आपल्याला रोहिड्याची आठवण करून देतो. आलेली विनंती एका टप्प्यावर निकालात निघते, नाहीतर पुढच्याकडे जाते. नवी तपासणी हवी असेल, तर साखळीत एक कडी वाढवायची. बाकीच्या कड्या बहुधा तशाच राहतात.

पण देखभालीत याचा खरंच फायदा होतो का? लुट्झ प्रेखेल्ट आणि सहकाऱ्यांनी व्यावसायिक प्रोग्रामरांना तयार प्रोग्राममध्ये बदल करायला दिले. निष्कर्ष २००१ मध्ये छापून आले: बऱ्याच ठिकाणी पॅटर्न उपयोगी पडला, काही ठिकाणी मात्र साधा कोडच बरा ठरला. २००२ च्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. कोणता पॅटर्न कुठे वापरलाय, हे कोडमधल्या टिपणात लिहिलेलं असेल, तर बदल लवकर किंवा कमी चुकांनी होतात.

म्हणजे पॅटर्नइतकंच त्याचं नाव लिहून ठेवणंही महत्त्वाचं. प्रोग्राम लिहिणारा नोकरी बदलून जातो. पुढे वर्षानुवर्षं तो अनोळखी माणसं सांभाळतात. राजगड बांधणाऱ्यांना आपण आज काही विचारू शकत नाही. निदान आपल्या कोडच्या बाबतीत तरी, मधली वाट का ठेवली, हे एका ओळीत लिहून जाऊया.