पिस्तुलात काडतूस का अडकते?

लोणावळा-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मावळातील परवानाधारक शेतकरी आणि बंगलेमालक यांच्या कपाटातील पिस्तुलाला ही दमट हवा बाधते. आणीबाणीच्या क्षणी चाप ओढूनही गोळी सुटत नाही, तेव्हा दोष बहुधा काडतूस नळीपर्यंत पोहोचण्याच्या मार्गात असतो.

अर्धस्वयंचलित पिस्तुलात गोळी सुटली की स्लाइड मागे जाते, एक्स्ट्रॅक्टर रिकामे टरफल ओढून बाहेर टाकतो. स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधील सर्वांत वरचे काडतूस ढकलते. ते उतारावरून वर चढून चेंबरमध्ये बसते. या साखळीतील एक कडी ढिली पडली तरी शस्त्र अडते.

तपासणीपूर्वी नळी सुरक्षित दिशेला धरावी आणि बोट चापापासून दूर ठेवावे. प्रथम मॅगझिन काढावे, मग स्लाइड मागे ओढून चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करावी. हा क्रम उलटल्यास स्लाइड मॅगझिनमधील नवे काडतूस चेंबरमध्ये सारते आणि रिकामे समजलेले पिस्तूल भरलेलेच राहते.

पहिला संशय मॅगझिनवर घ्यावा. ते पूर्ण न बसणे, स्प्रिंग गंजणे किंवा कमजोर होणे, वरच्या दोन्ही ओठांना पोचा येणे, ही नेहमीची कारणे होत. काडतुसाचे टोक खाली झुकून उतारावर अडत असेल, तर स्प्रिंग पाहावी. प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक घालून नोंद ठेवल्यास दोष मॅगझिनचा की पिस्तुलाचा, हे लवकर उलगडते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

भारतात ९ मिलिमीटर पिस्तूल सामान्य नागरिकांना निषिद्ध असल्याने अनेकांकडे .३२ बोअरचे पिस्तूल असते. जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ मध्ये तयार केलेल्या या काडतुसाच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर दोन्ही एकमेकांत गुंततात आणि स्लाइडला वरचे काडतूस पुढे ढकलता येत नाही. म्हणून भरताना वरची कड खालच्या कडेच्या पुढे राहील, याकडे लक्ष द्यावे. गुंता झाल्यास जोर न लावता मॅगझिन रिकामे करून पुन्हा भरावे.

दारूगोळाही तपासावा. १८६९ मध्ये स्थापन झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडच्या अखत्यारीत आहे. तेथील काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे असतात. हिरवट डाग पडलेले, पोचलेले किंवा गोळी आत दबलेले काडतूस वापरू नये. गोळी आत सरकल्यास दारूसाठी जागा कमी होऊन दाब धोकादायकरीत्या वाढतो. एकच काडतूस वारंवार भरून काढल्यानेही असे घडते. बार नेहमीपेक्षा मंद वाजल्यास तत्काळ थांबावे. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि पुढील बार नळी फोडू शकतो.

पावसाळ्यात तेलाचा पातळ थर पुरेसा असतो. जादा तेल धूळ व दारूची काजळी धरून ठेवते. पिस्तूल चामड्याच्या म्यानात साठवू नये, कारण चामडे ओलावा शोषते. ते कुलूपबंद कपाटात सिलिका जेलसह ठेवून काडतुसे वेगळी ठेवावीत. मनगट सैल ठेवून झाडल्यासही स्लाइडची फेरी अपुरी राहते. पकड घट्ट केल्यावर दोष नाहीसा झाला, तर शस्त्र निर्दोष समजावे.

उतार किंवा ओठ कानसीने घासण्याचा मोह टाळावा. घासलेला धातू परत येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दुरुस्तीचा व्यवसायही परवान्याविना करता येत नाही. त्यामुळे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे. चाचणीचा बार बंगल्याच्या आवारात किंवा किल्ल्यांच्या पायथ्याशी नव्हे, तर अधिकृत नेमबाजी केंद्रातच काढावा. गोळी कुठे थांबेल याची खात्री नसेल, तर चाचणीच होऊ नये.