न झालेल्या तलावाच्या काठी

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात विस्कॉन्सिन नावाचे राज्य आहे. दूधदुभत्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या राज्याच्या नैर्ऋत्य भागात व्हर्नन ही एक ग्रामीण काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग. तिथल्या ला फार्ज गावाजवळ काँक्रीटचा १०३ फूट उंचीचा एक मनोरा उभा आहे. हा मनोरा धरणाचे पाणी सोडण्यासाठी बांधला गेला. धरण मात्र पुरे झाले नाही आणि मनोऱ्याला पाणी कधी लागलेच नाही. आज लोक इथे होड्या वल्हवायला, रानात फिरायला, तंबू ठोकून राहायला येतात. या सहलीच्या जागेमागे एक लांबलचक हकीकत आहे.

हिमयुगात उत्तर अमेरिकेचा मोठा भाग बर्फाच्या थरांखाली घासून सपाट झाला. हा टापू मात्र त्यातून सुटला. म्हणूनच इथे अरुंद दऱ्या आहेत, वालुकाश्माचे कडे आहेत आणि त्यांतून वेडीवाकडी वळणे घेत जाणारी किकापू नदी आहे. एका मूलनिवासी भाषेतल्या तिच्या नावाचा अर्थच मुळी 'कधी इकडे, कधी तिकडे जाणारी' असा सांगतात. अशी नदी दिसायला देखणी, पण पावसाळी दिवसांत तितकीच धोक्याची. १९३५ साली मोठा पूर आला आणि काठच्या लोकांनी सरकारकडे बंदोबस्ताची मागणी केली.

मागणीला फळ यायला २७ वर्षे लागली. १९६२ साली अमेरिकी काँग्रेसने ला फार्जच्या धरणाला मंजुरी दिली. काम लष्कराच्या अभियंता दलाकडे होते. पूर अडवणे हा मूळ हेतू होता. पुढे त्याला करमणुकीच्या तलावाची जोड मिळाली. सुमारे १,८०० एकरांचा तलाव होईल, शहरांतून पर्यटक येतील, गावाला बरे दिवस येतील, असे चित्र रंगवले गेले. १९६९पासून जमिनी ताब्यात घेणे सुरू झाले आणि सुमारे दीडशे कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांची शेती सोडावी लागली. १९७१ साली प्रत्यक्ष बांधकामास प्रारंभ झाला.

इथेच काळ बदलला. पर्यावरणाचा विचार न करता प्रकल्प रेटण्याचे दिवस अमेरिकेत संपत आले होते. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पाहणी केली. शेतांतून वाहून येणाऱ्या खत-मातीमुळे तलावाचे पाणी शेवाळून खराब होईल, असे त्यांनी दाखवून दिले. ओलसर कड्यांवर वाढणाऱ्या, वत्सनाभाच्या जातकुळीतल्या एका दुर्मीळ वनस्पतीचा प्रश्नही पुढे आला. खर्चही फुगत चालला होता. १९७५ साली राज्याचे गव्हर्नर पॅट्रिक ल्युसी यांनी पाठिंबा काढून घेतला आणि काम थांबले.

तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, अशी गावाची गत झाली. शेते गेली, शेतांवरचा कर गेला, शाळेतली मुले कमी झाली आणि तलाव तर आलाच नाही. वर १९७८ साली पुन्हा महापूर आला. खालच्या अंगाला, शेजारच्या काउंटीत असलेल्या सोल्जर्स ग्रोव्ह या गावाने तर त्यानंतर आपली बाजारपेठच उचलून उंचावर नेली. अभ्यासक चुकले होते असे नाही. परंतु ज्यांनी घरे सोडली होती, त्यांना ही दोन्हीकडून बसलेली चपराक वाटली असेल, तर नवल नाही.

ओसाड जमिनीवर हळूहळू रान वाढले. १९९६ साली कायदा झाला आणि २००० सालच्या अखेरीस सुमारे ८,६०० एकर जमिनीचा निकाल लागला. बहुतेक जमीन राज्याकडे गेली. १,२०० एकर हो-चंक या मूलनिवासी राष्ट्रासाठी राखली गेली. या लोकांना एकोणिसाव्या शतकात सरकारने याच मुलखातून वारंवार हुसकावले होते आणि त्यांतले अनेक जण वारंवार परतले होते. म्हणजे १९६९चे विस्थापन हे या खोऱ्यातले पहिले नव्हेच! आज 'किकापू व्हॅली रिझर्व्ह' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जागेचा कारभार ज्या मंडळाकडे आहे, त्यात स्थानिक रहिवासी आणि हो-चंक प्रतिनिधी एकत्र बसतात.

धरणाने जे देऊ केले होते, ते पर्यटन अखेर आले, पण वाहत्या नदीमुळे. ऑन्टॅरिओ नावाच्या छोट्या गावापासून ला फार्जच्या दिशेने कड्यांच्या सावलीतून होडीने येणे हे इथले मोठे आकर्षण. नदीने मात्र आपला स्वभाव सोडलेला नाही. ऑगस्ट २०१८च्या विक्रमी पुरात या परिसरातली पाच छोटी धरणे फुटली.

सार्वजनिक सहलीच्या जागेचा जमाखर्च मांडताना आपण तिकीट आणि खाणावळी मोजतो. इथल्या खर्चाच्या बाजूला दीडशे कुटुंबांची शेते आहेत आणि त्यांच्याही आधी हो-चंकांची भूमी आहे. हो-चंकांना थोडी तरी जमीन परत मिळाली. शेतकऱ्यांची शेते मात्र सार्वजनिक रान झाली. तो कोरडा मनोरा त्या खर्चाची पावती म्हणून उभा आहे. पाहुण्याने होडीत बसण्यापूर्वी ती एकदा वाचावी.