दापोडीच्या दवाखान्याची वंशावळ

पुण्यालगतच्या दापोडीतल्या कुठल्याही गल्लीत संध्याकाळी एखादा दवाखाना उघडा दिसतो. एका गाळ्याचा. मध्ये पडदा, पडद्याआड तपासायचं टेबल, बाहेर बाकावर नंबर लावून बसलेली माणसं. फलकावर बहुतेक वेळा बीएएमएस किंवा बीएचएमएस, म्हणजे आयुर्वेदाची किंवा होमिओपॅथीची पदवी. भोसरी-चाकणच्या कंपन्यांतून सुटलेला हेल्पर, चार घरची धुणीभांडी करून आलेली बाई, रिक्षावाला, त्याची आई. सगळ्यांचं मागणं एकच: उद्या कामावर जाता आलं पाहिजे. डॉक्टरच्या हाती असतात जेमतेम पाच मिनिटं. ही पाच मिनिटं इतकी अपुरी का पडतात, हे कळायला या दवाखान्याचे पूर्वज पाहावे लागतात.

पहिला पूर्वज म्हणजे एक बाग. पेशव्यांच्या पदरी पलटण उभी करणाऱ्या कॅप्टन फोर्डचा दापोडीत बंगला होता. १८१७ च्या खडकीच्या लढाईत त्याची पलटण इथूनच निघून इंग्रजांना मिळाली. पुढे १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन मालकम यानं ती जागा सरकारसाठी घेतली आणि तिथे वनस्पती उद्यान सुरू झालं. १८३८ ते १८४७ या काळात त्याचा प्रमुख होता अलेक्झांडर गिब्सन, कंपनी सरकारचा स्कॉटिश शल्यवैद्य. त्याआधी त्यानं दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचण्याचं काम केलं होतं. दापोडीच्या बागेतल्या झाडांची त्यानं स्थानिक चित्रकाराकडून काढून घेतलेली चित्रं आज एडिंबरोत आहेत. जुन्नरजवळ हिवऱ्यालाही त्याच्या देखरेखीखाली औषधी लागवड होत होती. विलायतेहून महागडी औषधं मागवण्यापेक्षा ती इथेच पिकवावीत, हा त्यामागचा हिशेब. औषध प्रथम लष्कराच्या भांडारासाठी, मग इतरांसाठी. १८६५ मध्ये सरकारनं दापोडीची मालमत्ता विकली, गव्हर्नरचा इथला मुक्काम गणेशखिंडीला हलला, बाग संपली. पण औषधपाणी आधी कामाच्या माणसाला मिळावं, ही रीत या परिसरात टिकली. खडकीत दारूगोळ्याचा कारखाना आला, स्वातंत्र्यानंतर दापोडीत लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आलं, एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आली. ज्याचा मालक मोठा, त्याच्या औषधपाण्याची काही ना काही सोय झाली.

दुसरा पूर्वज म्हणजे एक यादी. १९११ मध्ये ब्रिटनमध्ये लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विम्याचा कायदा आणला. त्यात कामगारानं आपल्या भागातला एक डॉक्टर निवडायचा, त्याच्या यादीत नाव घालायचं, आणि डॉक्टरला यादीतल्या दर माणसामागे वर्षाची ठरावीक रक्कम मिळायची. माणूस दहादा आला काय, एकदाही आला नाही काय, रक्कम तीच. आपल्याकडे प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये मुंबईत आली. मुंबई राज्यानं फक्त सरकारी दवाखान्यांवर भिस्त न ठेवता वस्तीतल्या खाजगी डॉक्टरांनाच योजनेत घेतलं. हाच आपला पॅनेल डॉक्टर. पुढे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतल्या हजारो घरांना तो ठाऊक झाला. त्याच्या दाखल्यावर आजारपणाच्या रजेचे पैसे मिळत. आजही विमाधारकाला वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते.

या व्यवस्थेत उणिवा होत्या. औषधांचा तुटवडा असे, दाखल्यांच्या खटपटी चालत, विमा रुग्णालयाचे हेलपाटे पडत. तरी तिच्या मुळाशी एक फार शहाणी गोष्ट होती. डॉक्टरला पैसे माणसाच्या नावाचे मिळत, सुईचे नाहीत. त्यामुळे थांबणं, सल्ला देणं, औषध न देणं त्याला परवडत होतं. आणि माणसाला आपला डॉक्टर कोण, हे ठाऊक होतं.

तिसरा पूर्वज म्हणजे एक पोकळी. १९४६ मध्ये देशाच्या आरोग्यसेवेविषयी भोर समितीनं अहवाल दिला तेव्हा देशात सुमारे साडेसत्तेचाळीस हजार नोंदणीकृत डॉक्टर होते. त्यातले तीस हजारांच्या आसपास पदवीधर नव्हते, एलएमपी, एलसीपीएस असे परवानाधारक होते. छोट्या गावांत, कामगार वस्त्यांत बसणारे डॉक्टर बहुधा हेच. समितीनं ठरवलं की यापुढे एकाच दर्जाचा, पूर्ण पदवी घेतलेला डॉक्टर घडवायचा. काही सदस्यांनी विरोध नोंदवला, पण परवान्याचे अभ्यासक्रम बंद होत गेले. हेतू चांगलाच होता, पण एमबीबीएस होणारा मुलगा पुढे विशेषज्ञ झाला आणि वस्तीतली खुर्ची रिकामी राहिली. ती भरली आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या पदवीधरांनी. मुंबई प्रांतानं १९३८ च्या कायद्यानं वैद्य-हकिमांची नोंदणी आधीच सुरू केली होती. १९३३ पासून पुण्यात टिळक आयुर्वेद महाविद्यालय होतं. तिथून आणि नंतरच्या अनेक महाविद्यालयांतून आलेली मुलं दापोडीसारख्या ठिकाणी बसली. परवडेल त्या फीमध्ये, रात्री उशिरापर्यंत बसली. ती बसली नसती तर या वस्त्यांत रात्री तापानं फणफणलेलं मूल कुणाला दाखवलं असतं?

पण त्यांचं बसणं कायद्यानं कधीच पक्कं झालं नाही. होमिओपॅथनं ॲलोपॅथीची औषधं देणं हा हलगर्जीपणा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये म्हटलं. २०१४ मध्ये महाराष्ट्रानं कायदा बदलून एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथना मर्यादित मुभा दिली, आणि त्यावरून इंडियन मेडिकल असोसिएशनशी वाद पेटला. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानं डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आला होता. रुग्णाला दाद मागण्याचा हक्क मिळाला, हे योग्यच झालं. मात्र एकट्या बसणाऱ्या डॉक्टरच्या मनात भीती शिरली. जोखीम नको, म्हणून तपासण्या लिहिल्या जाऊ लागल्या, आणि त्यांचा खर्च रुग्णाच्या खिशातून जाऊ लागला.

या भीतीच्या जोडीला सुईचा आग्रहही आहे, आणि तो जुना आहे. याच पट्ट्यात १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं १९५५ पासून इथे पेनिसिलीन तयार होऊ लागलं. न्यूमोनियानं माणसं दगावत होती त्या काळात हे मोठंच दान होतं. त्याच काळात सुईवर लोकांची श्रद्धा बसली, आणि आज ती डॉक्टरला सोडत नाही. सुई दिली नाही तर रुग्ण पलीकडच्या गाळ्यात जातो, कारण एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. मुकुंद उपलेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी १९९१ मध्ये धारावीतल्या शंभर खाजगी डॉक्टरांना क्षयाचे उपचार विचारले, तेव्हा ऐंशी निरनिराळ्या उपचारपद्धती समोर आल्या. तो निष्काळजीपणा होताच. पण त्या डॉक्टरांना कुणी सोबत घेतलं नव्हतं, शिकवलं नव्हतं, विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

आता आजार बदलले आहेत. तीन दिवसांच्या तापासाठी घडलेल्या या गाळ्यात मधुमेह आणि रक्तदाब येऊन बसले आहेत. त्यांना सुई लागत नाही, वर्षानुवर्षांची नोंद लागते. गेल्या महिन्यात साखर किती होती, गोळ्या कुणी आणि का बंद केल्या, हे विचारणारं माणूस लागतं. दर भेटीला फी घेणाऱ्या डॉक्टरला हे विचारण्याचे पैसे कुणी देत नाही. भेटीगणिक पैसे मोजणारा रुग्ण बरं वाटलं की येत नाही, आणि थेट पक्षाघात झाल्यावर पालिकेच्या वायसीएम रुग्णालयाच्या दारात पोहोचतो.

राज्य कामगार विम्याची यादी या माणसांपर्यंत पोहोचत नाही. २०१७ पासून तिची पगारमर्यादा २१ हजार रुपयांवर आहे. त्याहून थोडं जास्त मिळवणारा बाहेर. ठेकेदारानं नाव न घातलेला बाहेर. धुणीभांडी करणारी, रिक्षावाला, भाजीवाली तर आधीपासूनच बाहेर. पालिकेचे दवाखाने आहेत, २०२३ पासून ‘आपला दवाखाना’ योजना राज्यभर आली आहे. तिची वेळ कामकऱ्यांना सोयीची आहे आणि तिचं स्वागतच केलं पाहिजे. पण तिथला डॉक्टर करारावरचा असेल आणि दर काही महिन्यांनी बदलणार असेल, तर इमारत आपली होईल, डॉक्टर आपला होणार नाही.

या वंशावळीतला वारसा घ्यायचाच, तर तो यादीचा घ्यावा. दापोडीतल्या प्रत्येक घराचं नाव त्या घरानं निवडलेल्या एका डॉक्टरच्या यादीत असावं, मग तो पालिकेचा असो वा गल्लीतला. दर माणसामागे वर्षाची रक्कम महापालिका आणि राज्यानं द्यावी. त्या बदल्यात डॉक्टरनं नोंदी ठेवाव्यात, प्रमाणित उपचार पाळावेत, प्रशिक्षण घ्यावं, आणि कोणत्या पदवीनं काय करायचं याची रेषा कायद्यानं एकदाची स्पष्ट आखावी. कारखान्याच्या फाटकाआत सत्तर वर्षं चाललेली पद्धत फाटकाबाहेर आणायला नवा शोध लावावा लागत नाही. कामगाराला डॉक्टर हवा तो कारखाना चालावा म्हणून, ही जुनी समजूत सोडून तो माणूस आहे म्हणून हवा, एवढं मान्य करावं लागतं.