भोकरवरून गेलेली रेघ

१/८
एव्हरेस्ट शिखराची उंची आणि नांदेड जिल्ह्यातील देगलूर-भोकरचा माळ यांचा परस्परांशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो त्रिकोणांचा आहे.

२/८
१८०२ साली विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ मोजणीस आरंभ केला. दक्षिणेकडील काम आटोपून त्याची त्रिकोणमालिका ७८ अंश रेखावृत्ताच्या आसपास उत्तरेकडे सरकली. उद्देश दुहेरी होता : अचूक नकाशा आणि पृथ्वीच्या आकाराचा शोध.

३/८
पद्धत अशी : सपाट जमिनीवर एक आधाररेषा साखळीने मोजायची. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन घ्यायचे. एक बाजू व दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने मिळतात. त्यातलीच एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. कोन मोजणारा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा!

४/८
१८१५ मध्ये बिदरजवळ दामरगिद्दा येथे आधाररेषा मोजली गेली. पुढची वऱ्हाडात, टाकरखेड्याला. या दोहोंमधला मुलूख म्हणजे देगलूर, बिलोली, भोकर, हदगाव. दामरगिद्द्याहून मुंबईकडेही एक मालिका निघाली. त्या दिशेला लातूरचे निलंगा-औसा लागतात.

५/८
हा काळ शांततेचा नव्हता. जानेवारी १८१९ मध्ये हदगाव भागातील नोव्हा येथे हटकर नायक नौसाजींच्या गढीला इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामी फौजेने वेढा घातला होता. मुलूख निजामाचा, मोजणारे कंपनीचे. अशा वेळी टेकडीवरची दुर्बीण रयतेला निरुपद्रवी कशी वाटावी?

६/८
पावसाळ्यात हवा स्वच्छ, म्हणून कोन घेण्यास उत्तम. पण रानातला हिवताप जीवघेणा. १८१९ मध्ये कृष्णा-गोदावरीच्या दरम्यान जॉर्ज एव्हरेस्टसह त्याचे पथक तापाने कोसळले. २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन हिंगणघाटला निवर्तला आणि सूत्रे एव्हरेस्टकडे आली.

७/८
एव्हरेस्टच्या १८३० च्या ग्रंथातील मोजणी दामरगिद्द्यापासूनच सुरू होते. मालिका पुढे डेहराडूनपर्यंत गेली. तिच्याच आधारे हिमालय मोजला गेला. १८५६ मध्ये सर्वोच्च शिखराची उंची २९,००२ फूट जाहीर झाली.

८/८
शिखराला एव्हरेस्टचे नाव मिळाले. निशाणे रोवणाऱ्या, रात्री टेकड्यांवर दिवे तेवत ठेवणाऱ्या खलाशांची नावे मात्र नकाशावर आली नाहीत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ५६ क्रमांकाच्या पत्रकमालेत नांदेड-लातूर येतात. त्यातील आपल्या तालुक्याचे पत्रक उघडा आणि टेकडीमाथ्यावरचा लहानसा त्रिकोण शोधा. तिथे कुणीतरी उभे राहिले होते.