घारापुरीचा हत्ती आणि माझी शिरगणती

आमच्या खडकवासल्याला समुद्र आहे असं मी म्हटलं, की पाहुणे आधी माझ्याकडे आणि मग सहानुभूतीने सौ.कडे बघतात. रविवारी पुणेकर जिथे कणसं आणि भजी खायला येतात, त्या धरणाकाठच्या चौपाटीबद्दल मी बोलत नाही. खराखुरा समुद्र, भरती-ओहोटीसकट! इथल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात तो आहे. १९१६ साली, मुंबई इलाख्याच्या काळात सुरू झालेली ही संस्था बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून पाणी कसं वागेल ते तपासते. आमच्या शाखेतल्या एका खातेदारांच्या कृपेने मला मुंबई बंदराची प्रतिकृती बघायला मिळाली. मुंबईपासून घारापुरी काही पावलांवर! तिकीट नाही, रांग नाही, मळमळ नाही.

खरी सफर आम्ही २०१९ च्या डिसेंबरात केली होती. लोक भूमध्य समुद्रात एका बेटावरून दुसऱ्या बेटावर बोटीने जातात आणि पुढे वर्षभर फोटो दाखवून आपल्याला छळतात. गेटवेहून घारापुरीला जाणारा माणूसही बेटावरूनच बेटावर जातो. पण मुंबई हे बेट आहे, हे मुंबईकर फक्त जुलै महिन्यात कबूल करतो.

या बेटाचं आणि बोटींचं नातं फार जुनं. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने मौर्यांच्या पुरीवर शेकडो नौका घातल्या, असं इ.स. ६३४ चा ऐहोळेचा शिलालेख सांगतो. ही पुरी म्हणजेच घारापुरी, असं काही इतिहासकार मानतात. शिलालेखातल्या कवीने त्या नौकांना मत्त हत्तींची उपमा दिली आहे. पुढे पोर्तुगीज आले, त्यांना धक्क्याजवळ दगडाचा एक भला थोरला हत्ती दिसला आणि त्यांनी बेटाचं नावच एलिफंटा ठेवलं. आत सहाव्या शतकातला तो जवळजवळ अठरा फुटी सदाशिव बसलेला, आणि नाव मिळालं दारातल्या हत्तीचं! आमच्या बँकेतही मॅनेजरसाहेबांपेक्षा दारातला वॉचमनच गिऱ्हाइकांना जास्त ठाऊक असतो.

त्या हत्तीलाही एकदा बोटीत बसवायचं ठरलं. १८६४ साली इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेत आले आणि पन्नास वर्षांनी, १९१४ साली, कुणीतरी ते जोडले. आजही तो हत्ती तिथे भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी उभा आहे. क्रेनला किती वजन पेलेल, याचा हिशेब चुकला होता, एवढाच याचा अर्थ.

हिशेबाचं नाव निघालं की माझ्यातला बी.कॉम. जागा होतो. काउंटरवर एक नोट कमी भरली तर मी रात्री आठपर्यंत घरी जात नाही. लाँचमध्ये बसलो आणि पाहतो तो काय, तिकिटं मोजायला माणूस होता, माणसं मोजायला कुणीच नाही! मग मीच शिरगणती सुरू केली. तीनदा मोजलं, तीनदा वेगळा आकडा आला. पोरं एका बाकावर ठरत नव्हती.

"अहो, सुट्टीवर आलोय आपण," सौ. म्हणाली, "कॅश टॅली करायला नाही."

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. सीगल पक्ष्यांना कुरमुरे टाकत तासाभरात आम्ही घारापुरीला पोचलो. सदाशिवाच्या शांत चेहऱ्यासमोर मी शिरगणती साफ विसरलो.

१८ डिसेंबर २०२४ ला संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचला, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट धडकली होती. पंधरा जण गेले. कारण धडक होतं, गर्दी नव्हे, हे खरं. पण लाँचला परवानगी चौऱ्याऐंशी उतारूंची होती आणि वर माणसं होती शंभराहून जास्त. किती होती, याचा आकडा तर पहिले काही तास बदलतच राहिला. कुणाला शोधायचं राहिलंय हे कळायला आधी किती जण निघाले ते माहीत हवं ना! टीव्हीपुढे बसून सौ. हळूच म्हणाली, "तुमचे किती आले होते हो तेव्हा?"

मला तीनपैकी एकही आकडा आठवेना.

संशोधन केंद्रात गेलो तो त्यानंतर. कळ दाबली की भरती येत होती, दाबली की ओसरत होती. त्या इवल्याशा मुंबईपासून इवल्याशा घारापुरीपर्यंतच्या पाण्यात एकही माणूस नव्हता, त्यामुळे हिशेब आपोआप जुळत होता.

गेल्या महिन्यात तळकोकणात एका खाडीवर तरीत बसायचा योग आला. पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर. तरीवाल्याने दोर सोडायच्या आत सौ. उठून उभी राहिली आणि बोटाने एकेकाला मोजू लागली.

"एकोणीस," ती म्हणाली. "आता तुम्ही मोजा."

मी मोजले. एकोणीसच भरले. मग लाइफ जॅकेटं मोजली. ती चौदा होती. आम्ही दोघं, आमची दोन पोरं आणि एक आजोबा खाली उतरलो आणि पुढच्या खेपेची वाट बघत बसलो.