वेस ओलांडलेले गाणे

सोलापूर जिल्ह्याच्या काव्यपरंपरेत जात, धर्म, भाषा आणि प्रतिष्ठा यांची वेस ओलांडणारे कवी व गायक पुन्हा पुन्हा भेटतात. त्यांच्या चरित्रांवर बरेच लिहिले गेले आहे. त्यांना डोक्यावर घेणाऱ्या श्रोत्यांकडे मात्र इतिहासाचे लक्ष कमीच गेले. वास्तविक कवीने टाकलेले पाऊल पुरे केले ते या श्रोत्यांनीच. कोणी अभंग उतरवून घेतले, कोणी लावण्यांची बाडे जपली, कोणी शाहिराच्या सभेसाठी मैलोन् मैल पायपीट केली.

या परंपरेचा आरंभ कानडीत आहे. बाराव्या शतकात सोन्नलगी म्हणजे आजच्या सोलापुरात सिद्धरामेश्वर होऊन गेले. ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या मुद्रेने त्यांनी कानडी वचने रचली. तळे खोदणे, देवालये उभारणे, लिंगांची स्थापना करणे हा त्यांचा आधीचा मार्ग होता. अल्लमप्रभूंच्या भेटीनंतर ते कल्याणला बसवण्णांच्या शरणमंडळात गेले. तेथे चांभार, परीट, नावाडी आणि ब्राह्मण एका पंगतीला बसून वचने रचत होते. शे-सव्वाशे वर्षांत राघवांकाने सिद्धरामांवर कानडीत काव्य लिहिले. सोलापुरात मात्र त्यांची आठवण ग्रंथापेक्षा यात्रेत जास्त टिकली. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. त्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत, आणि संमती कट्ट्यावर अक्षता टाकणाऱ्या गर्दीत घरी मराठी, कानडी आणि तेलुगू बोलणारे शेजारी शेजारी उभे असतात.

पुढच्या दोन शतकांत याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याने मराठीला चोखामेळा दिला. मेलेली गुरेढोरे ओढण्याचे काम करणाऱ्या महार घरातला हा कवी विठ्ठलाचे अभंग रचत होता, पण पंढरपूरच्या देवळाचा उंबरा त्याला बंद होता. अभंगाला ती आडकाठी नव्हती. संतपरंपरा सांगते की चोखोबांचे अभंग अनंतभट्ट नावाचा ब्राह्मण लिहून घेत असे, आणि कोणत्या संताचा लेखक कोण हे सांगणाऱ्या, जनाबाईच्या नावावरील अभंगात हे नाव आले आहे. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात चोखोबांजवळ बसून शब्द टिपणारा हा अनंतभट्ट मराठीतल्या पहिल्या जिवाभावाच्या रसिकांपैकी एक म्हणावा लागेल. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखोबा गेले. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, म्हणजे देवळाबाहेरच आहे. साने गुरुजींच्या १९४७ च्या उपोषणानंतर मंदिराचे दार सर्वांना उघडले. तोवर चोखोबांचे शब्द कित्येक शतके वारकऱ्यांच्या तोंडी त्या दारातून आत जात होते.

पेशवाईच्या उत्तरार्धात सोलापुरात याच्या नेमके उलटे घडले. येथे वेस ओलांडणारा माणूस वरच्या पायरीवरचा होता आणि त्याने पाऊल खाली टाकले. राम जोशी (सुमारे १७६० ते १८१२) हे सोलापूरच्या ब्राह्मण घराण्यातले. वडील बंधू मुद्गल जोशी विद्वान, पुराण-कीर्तनात मान मिळवलेले. धाकट्याचा जीव मात्र सोलापुरातल्याच धोंडी शाहिराच्या फडात रमला. तमाशा त्या काळी गावाच्या शिष्ट वस्तीत बसत नसे. ढोलकी, डफ, तुणतुणे, मागे झील धरणारे साथीदार आणि समोर शिपाई, बलुतेदार, व्यापारी, शौकीन, असा त्याचा संसार. ब्राह्मणाच्या मुलाने तेथे नुसते ऐकायला जाणेही दोषाचे, मग कवने रचून देणे आणि पुढे स्वतः उभे राहून गाणे किती, याची कल्पना करता येते. भावाने घराबाहेर काढले. राम जोशी पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकले आणि विद्या घेऊन पुन्हा लावणीकडेच वळले.

त्यांच्या वेगळेपणाचे मूळ या शिक्षणात आहे. शास्त्र्यांच्या घरातले समास, अनुप्रास आणि श्लेष त्यांनी ढोलकीच्या ठेक्यावर चढवले. अक्षरांची नाद धरून धावणारी रांग, ओळीच्या पोटातच जुळत जाणारे यमक आणि शेवटी समेवर येणारी थाप, यामुळे त्यांची शृंगारिक लावणी ऐकताच ओळखू येते. त्याच ठेक्यावर त्यांनी वैराग्याची लावणीही बांधली. जटा वाढवून, माळा घालून, अंगाला राख फासून देव मिळत नाही हे त्यांनी फडातून सांगितले आणि फडाने ते ऐकून घेतले. तमाशाच्या श्रोत्याला फक्त शृंगार हवा असतो हा समज त्यांच्या रचनांनी त्याच काळात खोटा ठरवला. मराठी, कानडी, हिंदुस्थानी आणि संस्कृत यांची सरमिसळ करणारी लावणीही त्यांनी लिहिली. अशी लावणी पुण्याच्या श्रोत्याला चमत्कृती वाटली असेल. सोलापूरच्या बाजारात मात्र एकाच दिवशी तीन भाषांत भाव करणाऱ्या माणसाला ती आपलीच बोली वाटणे साहजिक होते.

राम जोशी एकटे नव्हते. त्यांच्या पिढीत आणि लगेच नंतर लावणीचा फड जातीपातींच्या सरमिसळीवरच उभा होता. संगमनेरचे अनंत फंदी ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान. कलगीवाले आणि तुरेवाले सवाल-जवाबात एकमेकांना कोंडीत पकडत. कलगीने शक्तीची बाजू घ्यावी आणि तुऱ्याने शिवाची. हार-जीत ठरे ती हजरजबाबीपणावर. गाणाऱ्याच्या घराण्याला तेथे किंमत नव्हती. रात्र सरेपर्यंत बसणारा श्रोता हाच पंच असे. आवडलेल्या ओळीवर तो दौलतजादा करी आणि फसलेल्या जवाबावर हुर्यो उडवी.

बारामतीच्या मोरोपंतांशी (१७२९–१७९४) राम जोशींचा संबंध हा या कथेतला सर्वांत सुंदर भाग आहे. पंडिती काव्याचा हा शेवटचा मोठा धनी, तर राम जोशी फडावरचे शाहीर. परंपरेने सांगितलेली हकीकत अशी की पंतांनी त्यांची प्रतिभा ओळखली आणि तिला कीर्तनाची वाट दाखवली. राम जोशी कीर्तनकार झाले आणि मोरोपंतांच्या आर्या गावोगावी गाऊ लागले. पंतांची आर्या वाचायला अवघड. तमाशात तयार झालेल्या गळ्यातून ती ऐकली की श्रोत्यांना कळू लागली. मराठीतल्या सर्वांत विद्वान कवीचा सर्वांत प्रभावी प्रसारक फडावरून आला, हे वाङ्मयेतिहासात अधिक ठळकपणे सांगितले जायला हवे.

लावण्या छापण्याचा तो काळ नव्हता. त्या वाचल्या त्या तमासगीर आणि शौकीन यांच्या बाडांमुळे. हाताने लिहिलेल्या, तेल-काजळीचे डाग पडलेल्या या वह्या पुढे शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासारख्या संग्राहकांना उपयोगी पडल्या आणि शाहिरांची कवने पुस्तकात आली. १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट आला. गदिमांचे लेखन, वसंत देसाईंचे संगीत, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या भूमिका. जो फड पाहणे कमीपणाचे मानले जाई, तो पडद्यावर पाहायला शहरातली कुटुंबे रांगेत उभी राहिली.

दरम्यान सोलापूर गिरण्यांचे गाव झाले होते. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, मराठी-कानडी शेतकरी आणि मुसलमान कारागीर एकाच भोंग्यावर कामाला जात. स्वातंत्र्यलढ्यात मे १९३० मध्ये येथे लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ‘गझनफर’चे संपादक कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. फाशी जाणाऱ्या तरुणाने आईला घातलेली समजूत ज्या कवितेत आहे, ती लिहिणारे कवी कुंजविहारी सोलापूरचेच.

याच गिरणी-जगातून अमर शेख आले. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६, गाव बार्शी. आई मुनेरबी यांच्याकडून लोकगीतांचा वारसा मिळाला. मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार, संपात पुढाकार आणि त्यापायी विसापूरचा तुरुंग, अशी त्यांची शाळा झाली. १९४४ साली अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. वाटेगावच्या मांगवाड्यातून आलेले अण्णाभाऊ आणि बार्शीचे मुसलमान शेख यांनी तमाशाच्या जुन्या अंगांना नवा आशय दिला. गणात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि श्रमणाऱ्या माणसांना वंदन आले, वगात सावकार आणि मालक आले. लोकनाट्य हे नाव रुळले ते या बदलातून.

अमर शेखांचा आवाज पहाडी होता. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना लोक वक्त्यांइतकेच त्यांच्यासाठी येत. शिवरायांचा पोवाडा मुसलमान शाहिराच्या तोंडून ऐकताना त्या गर्दीला काही विचित्र वाटल्याचे दिसत नाही. आचार्य अत्र्यांनी त्यांची तुलना रशियन कवी मायकोव्हस्कीशी केली. ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे त्यांचे कवितासंग्रह. पण वाचकांपेक्षा श्रोत्यांनीच त्यांना मोठे केले, आणि मराठी समीक्षेने या कवितेला द्यायला हवा होता तेवढा वेळ दिला नाही. १९६९ साली अपघातात त्यांचे निधन झाले. कन्या मलिका अमर शेख यांनी कवितेचा वसा पुढे नेला.

सोलापूरच्या तेलुगू घरांतूनही मराठी कविता आली. पद्मशाली समाजातले लक्ष्मीनारायण बोल्ली यांनी तेलुगू आणि मराठी यांच्यात आयुष्यभर ये-जा केली आणि आत्मचरित्राला ‘एका साळियाने’ असे नाव दिले. लावणीची सोय याच जिल्ह्यातल्या अकलूजने केली. तेथील राज्यस्तरीय लावणी स्पर्धेने संगीतबारीच्या कलावंतांना मोठे, सन्मानाचे व्यासपीठ मिळाले.

करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे हे या ओळीतले आजचे नाव. वडार समाजातून आलेल्या मंजुळे यांची पहिली ओळख कवीची. ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ या त्यांच्या संग्रहाला सोलापूरचा भैरुरतन दमाणी पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ या चित्रपटानंतर २०१६ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘सैराट’मध्ये जातीबाहेरच्या प्रेमाची गोष्ट करमाळ्याच्या रानात घडते, आणि अजय-अतुल यांनी तिच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसमध्ये वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. चित्रपटगृहांत प्रेक्षक खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचले, नाणी उधळली. दौलतजादाची जुनी रीत अशी पडद्यापुढे आली. पुढच्याच वर्षी हा चित्रपट ‘मनसु मल्लिगे’ या नावाने कन्नडमध्ये गेला. चाली अजय-अतुल यांच्याच होत्या आणि नायिकाही तीच, अकलूजची रिंकू राजगुरू.